डावा तुझा, उजवा माझा

नंदनवन, नागपूर
ता. १९ जुलै १९७६
कार्ड पहिलं

जयवंता,

डोळे मिटून विणलं काय वं हे? काल हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून तुझा पोरगा मार्तंड थैली देऊन गेला. मी पहिला हातमोजा बाहेर काढला अन् मले वाटलं, पोरानं मोटारीत दुसऱ्याचीच थैली उचलून आणली. मनगट बरोबर. पट्टी बरोबर. वर चेटकीण सुरू झाली की नारिंगी लोकर सगळी ढिली, पोत्यासारखी फुगलेली, अन् काळी बाई तिच्यात आत बसलेली. टोपीचं टोक तर दिसतच नाही. कॅनडातलं लेकरू विचारील, ही चेटकीण आहे का विहिरीत पडलेली म्हैस?

तिन्ही डावे तसेच. एकच चुकला असता तर मी बोलली नसती. खोटं सांगते, बोलली असती. पण एवढी नाही. कार्ड संपलं, बाकी दुसऱ्यावर.

कार्ड दुसरं

महिला मंडळात शोभाताईनं तो चेटकिणीच्या नक्षीचा चौकटीचा कागद काढला तेव्हा एकही बाई हात लावायले तयार नव्हती. घरात लेकरंबाळं आहेत, चेटकीण कोण विणते म्हणे. मी म्हटलं, आणा इकडे, लोकर कोणाले चावत नाही. शोभाताईची नणंद तिकडे राहते, तिच्या पोरांच्या शाळेत ऑक्टोबरच्या शेवटी भुताखेतांचा सण असते, सगळे सोंग घेऊन फिरतात अन् थंडी तर हाडं फोडणारी. सहा जोड बोटं उघडी असलेले, सहा जोड पिशवीसारखे, अंगठा तेवढा वेगळा. मी सगळ्यांसमोर सांगितलं, आम्ही दोघी बहिणी देतो. डावे बारा जयवंता, उजवे बारा मी.

आठव जरा. बाबांनी सायकलच्या स्पोकच्या सुया घासून दिल्या होत्या, चारच. एक मोजा तू विणायची, सुया मोकळ्या झाल्या की दुसरा मी. डावा तुझा, उजवा माझा. जोड मांडला की मायले सुद्धा सांगता येत नव्हतं कोणता कोणाचा. आता आंधळ्या माणसाले पण सांगता येईल. हे तिन्ही माझ्याजवळ ठेवते, तू नव्यानं विण. काहून असं झालं ते लिही.

मनकर्णा

सावळी
ता. २६ जुलै १९७६

मनकर्णाबाईस जयवंताचा नमस्कार.

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. मिळाली म्हणजे दादाजी पोस्टमननं आधी पारावर बसून वाचली, मग मले आणून दिली. विहिरीतली म्हैस आता सगळ्या गावाले पाठ आहे. मी त्याले चांगली रागावली. पण बाई, तुले हात जोडते, बंद पत्र पाठवत जा. इथं कार्ड म्हणजे दवंडी.

तू विचारलं काहून. तर सांगते. ती चेटकीण घर झाडायच्या फड्यावर टांग टाकून बसली आहे. आपण फड्याले चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो. दिवाळीले हळदकुंकू वाहतो. ही बसली त्याच्यावर घोड्यासारखी. माझा हात तिथं आला की अडते. मन लागत नाही म्हणून टाके ढिले पडत असतील.

पावसानं लोकर दमट झाली आहे. निंदण सुरू आहे, बाया मिळत नाहीत. यांची मान धरली आहे. माझा वाटा तू दुसऱ्या कोणाले दे, बाई. मंडळात कोणी तरी निघेल. राग मानू नको. महादेवभाऊजींना नमस्कार.

तुझी
जयवंता

नंदनवन
ता. ३१ जुलै १९७६

जयवंता,

हे घे बंद पत्र. आपल्यात लपवायचं काय आहे ते मले कळलं नाही, पण तुझ्यासाठी पोस्टात जाऊन उभी राहिली.

फड्याचं तू म्हटलं ते मी शोभाताईले सांगितलं. ती हसली. मग तिच्या सासूबाई आतून बोलल्या, बरोबर आहे त्या बाईचं, आमच्याही घरी चालणार नाही. झालं. शोभाताईनं रबर घेऊन चौकटी खोडल्या अन् फडा बाईच्या हातात दिला. बाई आता उभी आहे, टोपी घालून, फडा धरून. हे म्हणतात, ही चेटकीण नाही, नगरपालिकेची झाडणारी आहे, हिले पाहून कॅनडातली पोरं भिणार नाहीत, अंगण झाडायले बोलावतील. मी म्हटलं तुम्ही डबा घ्या अन् कंपनीची बस पकडा.

नवीन कागद मार्तंडजवळ देते. आता तर तुझं पाप गेलं ना? मग विण.

अन् एक गोष्ट मी त्या दिवशी लिहिली नाही. मी ते तीन मोजे उलटे करून खिडकीत धरून पाहिले. मागून पाहिलं की विणणारीचं सगळं कळते. काळा धागा मागून कसा, रेघ ओढल्यासारखा. नारिंगी लोंबून राहिला. एका बाईचा हात असा दोन तऱ्हेचा नसते. तू कोणाले तरी मध्ये बसवलं. सुनेले बसवलं असेल तर स्पष्ट सांग. पुष्पलता शिकत असेल तर चांगलंच आहे, पण परदेशच्या कामावर शिकवायचं नसते वं. शिकायले घरचे मोजे विणायचे.

पार्सल वीस सप्टेंबरले विमानानं जाणार. माझे सात उजवे तयार आहेत, त्यांच्यावरची बाई उसवून उभी करते. तू दुसऱ्या कोणाले दे म्हणते. दुसरी कोणी असती तर मी तुझ्या मागे लागली असती काय?

मनकर्णा

सावळी
ता. १४ ऑगस्ट १९७६

मनकर्णाबाईस नमस्कार.

हो, पुष्पलता माझ्यासोबत बसते. तिलेही हात आला पाहिजे म्हणून मी तिच्या हातात देते. तू बरोबर ओळखलं. आता झालं समाधान?

पाच पाठवत आहे. उसवून उसवून विणले. तुझ्या मनासारखे नाहीत ते मले माहीत आहे, लिहून सांगू नको. बाकीचे होणार नाहीत.

फडा हातात दिला ते चांगलं केलं. पण बाई, खरं सांगते, आता ती बाई मले जास्तच त्रास देते. आधी उडत होती तर कोणी परकी होती. आता उभी राहून पाहते. वाकलेली, नाक खाली आलेलं, बोटं आत वळलेली. मले आपली मीराआत्या दिसते. नाल्याच्या पलीकडे बाबांनी तिले गवताची खोपडी बांधून दिली होती. आपण दोघी भाकर घेऊन जायचो अन् दगडावर ठेवून मागे सरायचो. ती आपण दूर जाईपर्यंत उठायची नाही. हे मले काहून आठवते आहे माहीत नाही. चाळीस वर्षं झाली.

यांच्या मानेले आराम आहे. तू तुझी तब्येत पाहा. लोकर उरली ती माझ्याजवळच आहे.

तुझी
जयवंता

नंदनवन, नागपूर
ता. २८ ऑगस्ट १९७६
कार्ड

जयवंता,

घरात हेच एक कार्ड आहे अन् पोस्ट बंद होऊन राहिलं, म्हणून ह्याच्यावरच लिहिते. काल तान्ह्या पोळ्याले तुझी पुष्पलता माहेरी, इथं महाल भागात आली होती, ती पोराचा लाकडी बैल घेऊन माझ्याकडे आली. मी तिच्या हातात सुया दिल्या. तिनं त्या भाकरी उलटायच्या उलथन्यासारख्या धरल्या. तिले टाका घालता येत नाही! तू मले खोटं लिहिलं. मग मी तिले बसवून विचारलं अन् ती रडली. पंधरा दिवसांआधी तुझी करंगळी चुलीतल्या लाकडाले लागून होती, वास सुटला तेव्हा तिनं ओढली, तुले काही कळलंच नाही, हे खरं काय? कोपराजवळ फिक्का चट्टा आहे हे खरं काय? आत्याचं असंच सुरू झालं होतं. लपवू नको. ताबडतोब ये.

मनकर्णा

सावळी
ता. ४ सप्टेंबर १९७६

मनकर्णाबाई,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. दादाजीनं ह्या वेळी पारावर वाचलं नाही. एकट्यानंच वाचलं, मग घरी आला, मी दारात असताना माझ्या हातात न देता सरळ यांच्या हातात दिलं, अन् पाणी न पिता निघून गेला. तो नेहमी आमच्याकडे पाणी पिते. तेव्हाच मले कळलं त्याच्यात काय असेल.

यांनी दोनदा वाचलं. मले म्हटलं, हात दाखव. मी दाखवला. बाई, तीस वर्षांत त्यांनी मले शिवी दिली तरी मी ऐकून घेतली असती, पण ते बोललेच नाहीत. रात्री माझं ताट वेगळं वाढलं. मीच वाढून घेतलं, कोणी सांगितलं नाही. सकाळी विहिरीवर बाया बोलत होत्या, मी गेली तर त्यांनी आपापल्या बादल्या उचलल्या. जागा करून दिल्यासारखं केलं. परवा यांनी संत्र्याच्या बाडीतल्या खोपडीत खाट टाकली. म्हणाले, राखणीले कोणी तरी लागतेच. मी म्हटलं, हो लागते.

नातू माझ्याकडे धावत येते तर पुष्पलता त्याले उचलून नेते. तिचा दोष नाही. मीच तिले तसं सांगितलं.

तू विचारलं खरं काय. खरं आहे. होळीपासून करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट, दोन्ही दुसऱ्याची असल्यासारखी आहेत. सुई टोचून पाहिली, कळली नाही. मी कोणाले सांगणार नव्हती. पुष्पलताचं दुसरं लेकरू दिवाळीच्या आत होणार आहे, ते पाहून घेतलं असतं, मग जे व्हायचं ते झालं असतं. पाच महिने मी पदरात हात ठेवून काढले. तू एका कार्डात सगळं उघडं केलं.

मी कुठं येणार नाही. डॉक्टरकडे गेली की कागदावर नाव पडते, मग मार्तंडले कंपनीत ठेवतील का, हे तुले सांगता येईल काय? तू इकडे येऊ नको. पत्र लिहू नको. लोकर, सुया, सगळं मार्तंडजवळ दिलं आहे. मोजे परक्या लेकरांच्या हातात जाणार, त्याले मी आता हात लावणार नाही.

जयवंता

नंदनवन, नागपूर
ता. ९ सप्टेंबर १९७६

जयवंता,

तू लिहू नको म्हटलं तरी लिहिते. हे पोस्टात टाकत नाही. मार्तंड शनिवारी गावाले येईल, त्याच्या खिशात बंद करून देते. डिंकाची चिकी लावली, वरून दोरा शिवला.

पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा यांना दिलं. मले वाटलं हे दादाजीले शिव्या देतील, तुझ्या मालकाले, रामाजीले देतील. हे चष्मा काढून म्हणाले, कार्ड कोणी लिहिलं? मी उठून आत गेली. दुपारभर एकही टाका घातला नाही. कार्ड मी लिहिलं. तू पहिल्याच पत्रात हात जोडले होते. मले घाई असते, सगळ्याची घाई, पोस्ट बंद व्हायची घाई, खरं ऐकायची घाई. तुझं ताट मी वेगळं केलं, जयवंता. रामाजीनं नाही.

दुसरं सांगते. तुझ्या हातची लोकर घेऊन मार्तंड मंगळवारी आला अन् थैली उंबरठ्याबाहेर ठेवून उभा राहिला. तुझं पत्र दोन बोटांत धरून. मी म्हटलं, बेटा, तू नऊ महिने तिच्या पोटात होता, तेव्हा नाही लागलं तुले काही? त्यानं थैली उचलली. मग आत येऊन बसला. रडला नाही, पण भात दोनदा मागून घेतला. पोरगा वाईट नाही, भेलेला आहे. तुझ्यासारखाच.

मी तिन्ही मोजे पुन्हा काढले. आपण काळा धागा पहिल्या बोटावरून घेतो अन् नारिंगी करंगळीवरून. काळा जसाच्या तसा. नारिंगीच तेवढा ढिला. दोन बायांचा हात नव्हता, एकाच हातातलं एक बोट कामाले येत नव्हतं, अन् मी खिडकीत उजेडाले धरून सुनेचं नाव काढून बसली. लहानपणापासून मी विणून राहिली, एवढं वाचता नाही आलं मले.

तेच मोजे पिशवीत टाकून मी काल धंतोलीत गेली. चामडीचा डॉक्टर आहे, अमरावतीपासूनचे लोक त्याच्या दारात बसलेले होते. तीन तास बसली. माझा नंबर आला तर डॉक्टर म्हणते, पेशंट कुठं आहे? मी मोजे टेबलावर ठेवले. म्हटलं, हा आहे. मग मी सगळं सांगितलं, करंगळी, चूल, चट्टा, होळीपासून. तो तरुण आहे, माझ्या पोराएवढा, पण त्यानं मोजा हातात घेऊन उलटा केला, धागा पाहिला अन् मले म्हणाला, मावशी, तुम्ही नस बरोबर पकडली.

तो म्हणाला, हात पाहिल्याशिवाय नाव घेणार नाही. दुसरंही काही असू शकते. पण तेच असलं तरी आता गोळ्या आहेत. घरी राहून घ्यायच्या, वर्षानुवर्षं घ्यायच्या, सोडायच्या नाहीत. खोपडी लागत नाही. वेगळं ताट लागत नाही. नातू लांब ठेवायचं त्यानं काही सांगितलं नाही, उलट विचारलं, घरच्यांनाही तपासून घेता का. मी विचारलं, बोटं? तो म्हणाला, आज सुन्न आहेत, वाकली नाहीत ना? मग लवकर आणा. एकदा वाकली की मी सरळ करून देईन असं म्हणणार नाही. मार्तंडच्या कंपनीचं विचारलं तर हसला. म्हणाला, मी काय कंपनीले चिठ्ठी लिहितो का?

आता एक सांगायचं राहिलं. ते लिहायले मले काल रात्र गेली, आज सकाळ गेली.

माय सांगायची की गावच्या पोट्ट्यांनी मीराआत्याले चेटकीण नाव पाडलं. पोट्ट्यांनी नाही. मी पाडलं. मी आठ वर्षांची, तू पाच. आत्या नाल्यावर आली होती, ओंजळीत बोरं घेऊन, आपल्यासाठी. तिच्या बोटांतून ती गळत होती, दर पावलाले एक. तू पुढे धावली. मी ओरडली, चेटकीण आली, अन् तुझा हात ओढत पळाली. पलीकडे पोट्टे म्हशी धूत होते. त्यांनी ते उचललं. त्याच्यानंतर ती कधी नाल्यापर्यंत आली नाही. मी कोणाले सांगितलं नाही, मायले नाही, यांना नाही. मंडळात मी सगळ्यांसमोर छाती काढून म्हटलं ना, लोकर कोणाले चावत नाही. त्या दिवसापासून चोवीस चेटकिणी माझ्या मांडीवर आहेत. उरलेले डावे मीच विणले. शोभाताई म्हणते, जोड झकास जमले, कोणाले कळणार नाही. मले कळते. उजव्याच्या शेजारी माझाच डावा उपरा वाटते.

एका बाईले मी पळवून लावलं. तेव्हा मी आठ वर्षांची होती म्हणून सोडून देते. आता पन्नाशीले आली, आता सोडणार नाही.

तर ऐक. बुधवारी, पंधरा तारखेले, सकाळी दहाची वेळ घेतली आहे. माझ्या नावानं घेतली आहे, मनकर्णा महादेवराव. तुझं नाव कुठंही पडणार नाही, तू माझी बहीण म्हणून माझ्यासोबत येशील, आत गेल्यावर हात तुझा पुढे करू. मंगळवारी दुपारच्या मोटारीनं ये. ते वेगळं केलेलं ताट सोबत आण. इथं त्याच ताटात मी जेवीन अन् माझ्या ताटात तू. मी यांना दोनदा विचारलं, यांनी दोन्ही वेळा मान हलवली, म्हणजे होकार समज. पुष्पलताचं लेकरू येईपर्यंत तू इथं राहिली तरी मले अडचण नाही, उलट यांच्या तोंडाले तरी कोणी ऐकणारं मिळेल. रामाजीले वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, ती ह्याच्यातच आहे. त्यांना वाचून दाखव, पटलं नाही तर फाडून टाका, पण खाट आधी घरात आणायले सांग.

तू माझ्यावर रागावलेली आहे. राग ठेव. वर्षभर ठेव, बोलू नको माझ्याशी, दवाखान्याच्या बाकावर पाठ करून बस. पण बस.

मार्तंड सोमवारी पहाटे सावळीहून निघते अन् संध्याकाळी पाळी सुटल्यावर माझ्याकडे येते. त्याच्याजवळ चिठ्ठी पाहिजे. तोंडी निरोप मी घेणार नाही, तुझ्या हातचं अक्षर पाहिजे, वाकडं आलं तरी चालेल. येते किंवा येत नाही, एवढंच लिही. येत नाही लिहिलं तर काहून ते पण लिही, अन् त्याच्यात मार्तंड, नातू, नाव, गाव यांच्यापैकी काही नको, तुझ्या स्वतःचं कारण असेल तर ते लिही. कोरा कागद पाठवला तर मंगळवारी मीच मोटारीत बसते, रामाजी दारात उभे असले तरी.

सोमवार, तेरा सप्टेंबर. संध्याकाळी सहापर्यंत मी उत्तराची वाट पाहते.

मनकर्णा